भिंतीला पाठ लावू नका

ताई,

तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना तुझ्यासारखी बहीण नसणार. दुपारी जेवलीस, स्वतःचं ताट घासून पालथं घातलंस, जरा पडते म्हणालीस आणि उठलीच नाहीस. तुझी भावजय सुनंदा म्हणते, भाग्यवान मरण. मी म्हणतो, फसवणूक. आयुष्यभर लोकांना दोन-दोन दिवस आधी कळवत फिरलीस. उद्या फवारणीवाले येणार, भांडी झाकून ठेवा. सोमवारी डोस आहे, पोरं घेऊन या. स्वतःच्या वेळी मात्र एका शब्दाने आगाऊ सूचना नाही.

आरोग्य केंद्रातून चिठ्ठी आली. शोकसभा ठेवली आहे, आपण घरातले बोलके, तरी चार शब्द बोलावेत. सुनंदाने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात काळजी होती, आणि ती माझी नव्हती, सभेला येणाऱ्यांची होती. आपल्या घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे आणि ते मी कसं चालवतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. वडील विहिरीत पडले होते ती विहीर माझ्या लग्नापर्यंत तीन पुरुष खोल होती, मुलीच्या लग्नापर्यंत ती सात पुरुष झाली आणि तिच्यात एक कासवही आलं. तूच म्हणायचीस, "दिगू, तुझ्या तोंडून वरणभाताची कृती ऐकली तरी शेवटी श्रीखंड होतं." आणि मागे दवाखान्यातून परत येताना सहज म्हणालीस, "माझ्यावर कधी काही बोललास तर मीठमसाला घालू नकोस. जे झालं ते सांग."

जे झालं ते. ताई, हेच तर नको होतं मला.

मी लिहायला बसलो. पहिला कागद 'काळाने घाला घातला' इथपर्यंत गेला आणि फाटला. दुसऱ्यात मी तुला दीपस्तंभ केलं. एडवणच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय बुडवायलाही तू घाबरायचीस, तुला दीपस्तंभ म्हणवेना. तोही फाडला. प्रत्येक कागद त्याच एका जागी येऊन अडायचा, त्या पाड्यापाशी. म्हणून आता शेवटी तुलाच लिहितोय. सगळं फक्त तुलाच माहीत आहे. निदान असं मी परवापर्यंत समजत होतो.

आपण सिन्नरकडचे. तू आधी आलीस, नर्सची नेमणूक घेऊन. मग तुझ्या पाठोपाठ मी, बोईसरला दोऱ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून. कारखान्याजवळ खोली मिळेपर्यंत तुझ्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत झोपायचो, डोक्याशी तुझी रक्ताच्या काचांची पेटी. तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा, काच पालघरला पाठवायची आणि त्यात हिवताप निघतो का याची वाट बघायची. कुणाची तरी नावं लिहिलेल्या त्या काचांशेजारी मी घोरायचो. मला त्यात काही वाटत नसे. तुला वाटायचं. पेटीवर मी पाण्याचा तांब्या ठेवला तेव्हा तू अख्खा दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस.

तुझी काम करायची पद्धत मला तेव्हा फार कंटाळवाणी वाटायची. पाड्यात गेलीस की तीन वाक्यं. तीन बोटं दुमडून. भिंत सारवू नका. घरातच झोपा. ताप आला की मला रक्त द्या. झालं. मग समोरच्या बाईला म्हणायचीस, "आता तू सांग, मी काय बोलले?" तिने सांगितलं की पुढच्या घरी. नाही सांगता आलं की पुन्हा तीन बोटं. तुझ्या मागे पिशवी धरून फिरताना मला जांभया यायच्या. बायका तुझ्यासमोर मान डोलवायच्या, नीट म्हणूनही दाखवायच्या, आणि फवारणीवाले गेले की तिसऱ्या दिवशी शेणाचा हात फिरवून भिंत चकाचक. त्यांचं तरी काय चुकत होतं? चांगल्या सारवलेल्या भिंतीवर कुणीतरी येऊन पांढरे ओघळ सोडून जातो. घरात लग्न आहे, भिंतीवर चित्रांचा चौक लिहायचाय, नाहीतर सण आलाय. असली भिंत कोण ठेवेल? पण फवारलेली पावडर शेणाखाली गेली की डासाला काहीच नाही, तो खुशाल भिंतीवर बसून ढेकर देतो. तू चिडायचीस, हताश व्हायचीस, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तीच तीन बोटं.

मीच म्हणालो होतो तुला. "ताई, असं कोरडं सांगून कुणी ऐकतं का? गोष्ट सांगायला हवी. मला ने एकदा."

तू मला नेलंस याचा राग आहे माझा. तुला माहीत होतं ना मी कसा आहे?

तो पाडा डोंगराच्या कडेचा. बसच्या फाट्यावर उतरून शेताच्या बांधांवरून चालत. पाऊस उघडत आला होता, तापाचे दिवस. फवारणी आदल्या दिवशीच झाली होती आणि तू मला आंब्याखाली जमलेल्या माणसांसमोर उभं करून म्हणालीस, "तीन वाक्यं सांगायची आहेत, दिगू. गोष्ट सांग, नाचून सांग, पण तीन वाक्यं सांग." आणि एका तान्ह्या बाळाला बघायला तू पलीकडच्या घरात गेलीस.

मी नाचूनच सांगितलं. मी डास झालो. पालघरच्या बाजारातून निघालेला तालेवार डास, मिशीला पीळ देत, शिरगावच्या किल्ल्याला वळसा घालून, या पाड्यात जेवायला आलेला. गुणगुणलो, धोतर सावरलं, भिंतीवर बसलो. आणि मग ती पावडर. माझे पाय लटपटले, डोळे फिरले, मी गोल गोल फिरलो आणि धाडकन जमिनीवर उताणा पडलो, हातपाय वर. ताई, माणसं काय हसली! बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. कारखान्यात माझ्या विनोदांना फक्त वॉचमन हसायचा, तोही दिवाळीच्या आसपास. इथे अख्खा पाडा हसत होता. मी उठून अंग झटकलं आणि दुसऱ्यांदा मेलो.

तेव्हा पुढे बसलेल्या एका आजीने विचारलं, "मास्तर, यवडा जहर हाय, तं माणूस निजला तं?"

माझ्या खिशाला पेन होतं म्हणून मी मास्तर. प्रश्न किती सरळ होता, ताई. उत्तरही तुझ्या दुसऱ्या बोटावर तयार होतं. माणसाला काही होत नाही, घरातच झोपा. पण हसू अजून ओसरलं नव्हतं, मला आणखी एक हवं होतं. मी डोळे मिचकावले आणि म्हणालो, "आजी, भिंतीला पाठ लावू नका म्हणजे झालं!"

पुन्हा हसले सगळे. तू परत आलीस तेव्हा मी घाम पुसत होतो. "सांगितलंस?" तू विचारलंस. "एकही भिंत सारवली जाणार नाही, लिहून घे," मी म्हणालो. कुणाला विचारलं नाही की आता तुम्ही सांगा, मी काय बोललो. ते तुझं कंटाळवाणं काम होतं, माझं नाही.

तीन आठवड्यांनी तू कारखान्याच्या गेटवर आलीस. वॉचमन आत येऊन हळूच म्हणाला, "भाईसाब, दीदी आयी है. बहुत ग़ुस्से में है." मी बाहेर आलो. तुझ्या चपला चिखलाने भरलेल्या, पदर खोचलेला.

"काय सांगितलंस तू पाड्यात?"

"भिंत सारवू नका. का, सारवल्या?"

"एकही नाही."

"बघ!" मी म्हणालो. ताई, मी खरंच छाती फुगवली होती. हे आठवलं की अजून मला त्या गेटच्या खांबामागे लपावंसं वाटतं.

"कुणी भिंतीला हातच लावत नाही. आज पहाटेच गेले होते मी. सगळा पाडा अंगणात झोपलाय. म्हातारी-कोतारी, पोटुशा, लेकुरवाळ्या, सगळी. आजी म्हणते, मास्तर बोलला भितीला पाठ लावायची नाय. त्यांच्या घरात पाठ न लावता झोपायला जागा कुठं आहे, दिगू? चूल, कणगी आणि माणसं. भिंतीकडेच झोपतात ती. म्हणून बाहेर झोपली. डासांच्या ताटात."

मी म्हणालो, "अगं, विनोद होता तो."

"तेरा जणांना ताप आहे. चल माझ्याबरोबर. आत्ता. तू बोललास, तूच सांग."

आणि मी काय म्हणालो ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःलासुद्धा जरा फिरवूनच सांगत आलो. मी म्हणालो, "आत्ता माल उतरतोय ताई. साहेब सोडायचे नाहीत. रविवारी येतो."

माल उतरत होता हे खरं. पण साहेबांना मी विचारलंच नव्हतं.

रविवारच्या आधी शुकरी गेली. जान्याची बायको, वीस-बावीस वर्षांची. ताप डोक्यात गेला. बैलगाडीतून फाट्यापर्यंत आणली आणि पालघरची बस यायच्या आत संपली. तू तिची काच आदल्याच दिवशी घेतली होतीस. मग कुठला रविवार आणि कुठलं काय. मी गेलो नाही. तू मला पुन्हा चल म्हणाली नाहीस. पुढच्या महिन्यात एकदा मी तुझ्याकडे जेवायला आलो असताना मेथी निवडता निवडता विचारलं, "शुकरीच्या काचेचं काय आलं गं?" तू वर न बघता म्हणालीस, "नीट निवड. अळी आहे बघ त्या जुडीत." मी नीट निवडली. पुन्हा विचारलं नाही. उत्तर काय असेल या भीतीपेक्षा तू ते सांगशील ही भीती मोठी होती. शेतात, ओढ्यावर, कुठेही चावला असेल तिला डास, अंगणातच कशावरून, अशी माझी बाजू मीच मनात मांडत राहिलो. माझा वकील मीच, न्यायाधीशही मीच, आणि खटला दर वर्षी पुढच्या तारखेवर.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण मी ती गोष्ट सांगायला लागलो! डासाची गोष्ट. लग्नात, बारशात, डोहाळजेवणात. पालघरचा तालेवार डास, मिशी, धोतर, धाडकन उताणा. लोक हसून लोळायचे. आजीचा प्रश्न आणि माझं उत्तर इथे मी गोष्ट संपवायचो. सगळ्यात मोठा हशा तिथेच यायचा. आणि तू? गोष्ट सुरू झाली की तू उठून स्वयंपाकघरात जायचीस. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळली असेल. नाही, खोटं लिहितोय. मला तसं वाटायचं नाही. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

एकदाच, माझ्या मुलीच्या लग्नात, तू दारात उभी राहिलीस. हातात पुऱ्यांची परात. हशा ओसरला आणि तू म्हणालीस, "पुढचं सांग ना, दिगू."

"पुढं काय? डास मेला!" मी म्हणालो, आणि पुन्हा हशा.

तू परात ठेवलीस आणि आत गेलीस. आपलं भांडण तिथेच राहिलं. तू कधी पुन्हा म्हणाली नाहीस, मी कधी पुढचं सांगितलं नाही. तुला जोरात म्हणता आलं नसतं का? सगळ्या मांडवासमोर माझी लाज काढायला काय झालं होतं? ज्या बाईने एका सरपंचाला विहिरीत औषध टाकू देत नाही म्हणून विहिरीच्या काठावर बसून अर्धा दिवस सुनावलं, तिला धाकट्या भावाला एक वाक्य सुनवायला जड गेलं? मी फार चिडलोय तुझ्यावर. तू सांगितलं असतंस तर मी आधी रागावलो असतो, मग रडलो असतो, मग गेलोही असतो कदाचित. हा 'कदाचित' तुला ठाऊक होता म्हणूनच गप्प राहिलीस का?

शोकसभेला केंद्राच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. तुझा फोटो टेबलावर. तो कसला फोटो निवडला त्यांनी, त्यात तू हसतेस! फोटोत हसणारी बाई कोण असं विचारावं इतकी अनोळखी. पाड्यांवरून माणसं आली होती, चालत, सकाळी निघालेली. डॉक्टर बोलले, एक नर्सबाई रडल्या. मग मागून एक माणूस उठला. केस पांढरे, पायात काही नाही. जान्या. मी ओळखला आणि माझ्या खिशातला कागद मुठीत चुरगळला.

तो फोटोकडे बघत तुझ्याशीच बोलल्यासारखा बोलला. "शुकरी गेली तवा पाडा लय चिडला व्हता. पावडरवाल्यांना पाड्यात पाय ठेवू द्यायचा नाय, असा ठरला. नरसबाय एकटीच आली. वटीवर बस बोललो तं बसली नाय, उभीच. बोलली, तुमाला चुकीचा सांगितला. चूक माझी हाय. पावडरीनं माणसाला काय होत नाय, घरातच निजा. कोणी ऐकंना. मंग ती माझ्या घरात गेली. माझी शुकरी जिथं निजायची, तिथंच भितीला पाठ लावून बसली. ऊन कलला तरी बसलेली. दुसऱ्या दिवशी पण आली, तिसऱ्या पण. भितीला टेकून तिथंच दुपारची निजायची. आठ दिवस. मंग आमची म्हातारी बोलली, बाय मरत नाय, तं आपण कशी मरू? चला घरात."

तो खाली बसला. आणि सूत्रसंचालन करणाऱ्या कारकुनाने माझं नाव घेतलं.

ताई, हीच ती वेळ होती. इतक्या वर्षांनी माझ्याकडे चालत आली होती, जान्याच्या अनवाणी पायांनी. एकच वाक्य सांगायचं होतं. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "सेवेचा नंदादीप मालवला." मग थोडं थांबून म्हणालो, "परंतु त्याचा प्रकाश," आणि पुढचं आठवेना म्हणून पुन्हा नंदादीप म्हणालो. मग नमस्कार केला आणि बसलो. लोकांनी माना डोलावल्या. तशाच, जशा पूर्वी तुझ्यासमोर डोलवायचे आणि घरी जाऊन भिंत सारवायचे.

परतीच्या बसमध्ये सुनंदा बेटेगाव येईपर्यंत तिकिटाच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "ती आजी डासाच्या गोष्टीतलीच का हो?"

"हं."

"म्हणजे हे पुढचं होतं."

मी खिडकीबाहेर बघितलं. "वन्सं तेव्हा दारात उभ्या होत्या," ती म्हणाली, "आणि मीही हसत होते." एवढंच म्हणून तिने पर्स मांडीवरून उचलून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

खरं सांगू, मला त्या रात्री तुझं कौतुक वाटलं नाही. सगळ्यांना वाटलं, मला राग आला. माझी चूक होती ती! तू कोण उचलून नेणारी? शाळेत माझ्या हातून फुटलेली दौत तू तुझ्या नावावर घेतलीस ते ठीक, मी सात वर्षांचा होतो. पण ही? आठ दिवस दुसऱ्याच्या घरात, मेलेल्या बाईच्या जागेवर पाठ टेकून बसलीस आणि संध्याकाळी घरी येऊन मला विचारायचीस, डाळ पातळ झालीय का? एकदाही बोलली नाहीस. त्या आठ दिवसांत मी तुझ्याकडे दोनदा जेवलो होतो. डाळ पातळ झालीय, असं सांगितलंही होतं.

परवा रविवारी गेलो मी. माझा रविवार एकदाचा उजाडला. कसली नाटकं नकोत म्हणून खिशाचं पेन घरी ठेवलं. फाट्यावर उतरलो, बांधावरून चालत गेलो. भात पिवळं पडत आलंय. आंबा आहे अजून, अर्धा वठलेला. जान्या ओटीवर बांबूच्या कामट्या काढत होता. नुकतीच फवारणी झालेली, भिंतीवर ओघळ ताजे. सारवलेली नव्हती.

"रामराम मास्तर. बसा."

"बसत नाही. आधी एक सांगायचंय." माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका साधा. "त्या वर्षी भिंतीला पाठ लावू नका असं ताई बोलली नव्हती. ती चूक तिची नव्हती. मी बोललो होतो ते. हसवायला."

जान्याने कोयता खाली ठेवला नाही. "ठाव हाय," तो म्हणाला.

"ठाव हाय म्हणजे?"

"आमी व्हतो ना हितं. तुमी डास झालं, त्या आंब्याखाली पडलं, पाय वर करून. म्हातारीला तुमीच बोललं. आमी काय आंधळं व्हतो का?"

ताई, इतकी वर्षं मी ज्या गोष्टीचं शेपूट दडवून बसलो होतो, ती अख्ख्या पाड्याला पाठ होती. फक्त आपल्या नातेवाइकांना माहीत नव्हती.

"मग ताई स्वतःची चूक म्हणाली तेव्हा तुम्ही..."

"बायनं अंगावर घेतला. आमी घेऊ दिला. ती आलती ना."

मला बरंच काही म्हणायचं होतं. त्याऐवजी मी तेच विचारलं जे तुला मेथीच्या जुडीवर विचारलं होतं. "शुकरीच्या काचेत काय निघालं होतं?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. "बायनं मला सांगितला व्हता. तुमाला सांगितला?"

"नाही."

"मंग मी पण नाय सांगत. तो माझा हाय."

म्हणजे ते मला आता कधीच कळणार नाही. खटल्याचा निकाल लागणार नाही. तिच्या रक्तात हिवताप होता की दुसराच कुठला ताप, हे तू आणि जान्या दोघांनीच वाटून घेतलंत आणि मला दाराबाहेर ठेवलंत. याचाही राग आहे. पण हा राग करायला मला जागा नाही एवढं मला कळतं.

मग जान्याने कोयता बाजूला ठेवला. "ऐका मास्तर," तो म्हणाला, आणि ताई, त्याने बोटं दुमडली. तुझ्यासारखीच, करंगळीपासून. "बाय आली. तुमी नाय आलं." दोनच बोटं. मग माझ्याकडे हनुवटी उचलून म्हणाला, "आता तुमी सांगा, मी काय बोललो?"

तू शिकवलेलं होतं ते. पाड्यात अजून तसंच बोलतात, मला माहीतच नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चेष्टाही नव्हती. नीट कळलं का एवढंच त्याला बघायचं होतं.

मी म्हणालो, "ताई आली. मी आलो नाही."

"हां," जान्या म्हणाला. "आता बसा. हितं, भितीला टेका."

मी टेकलो. त्याच्या सुनेने कोरा चहा आणून दिला. आम्ही भाताबद्दल बोललो, तुझ्या जागी आलेल्या नव्या नर्सबद्दल बोललो. ती फार भरभर बोलते म्हणे, आणि काय बोलले ते विचारत नाही. पुढच्या फेरीला तिच्याबरोबर येऊ का, असं मी विचारलं. जान्या म्हणाला, या, पण डास होऊ नका. मी तीन वाक्यं म्हणून दाखवली, बोटांवर. एकही चौथं नाही. त्याने मान डोलावली नाही, मलाच पुन्हा एकदा म्हणायला लावली.

घरी आलो तर सुनंदा म्हणाली, "पाठीला काय लागलंय?" शर्टाच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरं. मी म्हणालो, राहू दे, आज नको धुऊस. सांगता सांगता मला वाटलं, आता एक चांगलं वाक्य सुचतंय. तेवढ्यात तुझा आवाज ऐकू आला, अगदी स्पष्ट. "दिगू, पावडर आहे ती, अंगारा नाही. शर्ट भिजत टाक आणि साबणाने हात धू."

धुतले, ताई. शर्टही मीच धुतला.